मोलकरणींचे दर बांधून देणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे

विषय: 'घरकामगारांसाठी नियमावली' ही फलकावरची सूचना

स. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर समितीने लावलेली नियमावली वाचली. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मागच्या लिफ्टनेच जावं-यावं. बागेतल्या बाकांवर बसू नये. बाहेर पडताना गेटवर पिशवी उघडून दाखवावी. समितीने ठरवलेल्या दराहून जास्त पगार कुणा सभासदाने देऊ नये. एका घराने काढलेल्या बाईला दुसऱ्या घराने सहा महिने कामावर घेऊ नये. आणि शेवटी, जाड ठशात: बायकांनी गटाने येऊन पगारवाढ मागितल्यास सगळ्यांचे गेटपास रद्द होतील.

हे पत्र मी सोसायटीच्या ग्रुपवर न टाकता जाहीर लिहितेय, कारण ही नियमावली आपल्या समितीची नाहीच. तिसऱ्या कलमात 'बी विंगच्या मागील गेट' असा उल्लेख आहे. आपल्याकडे बी विंगच नाही. म्हणजे मजकूर दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीतून आला, तिथे तो तिसरीकडून आला असेल, आणि आपल्याकडून तो चौथीकडे जाईल. म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या फलकावर हा कागद लागलाय त्यांनी पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

माझ्याही घरी दोघी जणी कामाला येतात, एक केरफरशी-भांड्यांना आणि एक पोळ्यांना. त्या आल्या नाहीत तर माझा दिवस कसा जातो हे मला ठाऊक आहे. तेव्हा मी हे कुठल्या उंच जागेवरून बोलत नाही.

आधी दराच्या कलमांबद्दल बोलू, कारण बाकीची कलमं त्यांच्याच आधाराने उभी आहेत. काम देणाऱ्यांनी एकत्र यायचं, मजुरीची कमाल मर्यादा ठरवायची, आपल्यातल्या कुणी ती ओलांडू नये म्हणून दम भरायचा आणि काढलेल्या कामगाराला कुणीच दारात उभं करू नये अशी तजवीज करायची, ही मालकांची संघटना झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, संघटना करायला या देशात बंदी नाही. पण त्याच कागदावर दोन ओळी खाली तुम्ही लिहिता की बायकांनी गटाने येऊ नये. शंभर सव्वाशे घरं एका बाजूला एकवटणार आणि समोरच्या बाईने मात्र एकटीने, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, पदराला हात पुसत पगाराचं बोलायचं. हा सौदा कुणाला न्याय्य वाटत असेल तर त्याने तो सभेत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावा.

तुम्हाला धास्ती वाटते ती गोष्ट पुण्यात पूर्वी होऊन गेलेली आहे. १९८० साली याच शहरात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज पुण्यातल्या बऱ्याच घरांत महिन्याच्या दोन पगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार बोनस हे 'ठरलेलंच' समजलं जातं. ते कुणा एका वहिनींच्या मोठ्या मनातून आलेलं नाही. बायकांनी काम थांबवलं, मोर्चे काढले, घासाघीस केली, तेव्हा त्याचा रिवाज झाला. तेव्हा आपल्या घरी भांडी घासायला कुणी आलं नव्हतं, हे समितीतल्या काही ज्येष्ठांना आठवतही असेल.

या बायका शहरात आल्या कशा, तेही एकदा पाहायला हवं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबं पुण्या-मुंबईकडे निघाली. पुरुषाला बिगारी काम मिळालं तर मिळालं; बाईला मात्र घरकाम मिळे, कारण त्याला शिक्षण, ओळखपत्र, भांडवल काही लागत नाही आणि शहरातल्या नव्या इमारतींना माणसं हवीच होती. त्यांच्या लेकी-सुना आज आपल्याकडे येतात. गाव बदललं, जिल्हा बदलला, पण शेतात पाणी नसणं आणि घरात नवऱ्याचा पगार न पोचणं ही कारणं फारशी बदललेली नाहीत.

आता कायद्याकडे येते, कारण नियमावलीच्या शेवटी 'कायदेशीर कारवाई'चा उल्लेख आहे आणि मला त्याचं हसू आलं. घरकामाच्या बाबतीत कायदा अजून उंबऱ्याबाहेरच थांबलेला आहे. १९५९ मध्ये राज्यसभेत घरकामगारांच्या सेवाशर्तींबद्दल खासगी विधेयक आलं होतं. ते काही कायदा झालं नाही. २०११ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला, भारताने बाजूने मत दिलं, पण तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' कशाला म्हणायचं नाही याची यादी आहे, तिच्यात घरगुती सेवा आहे. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराला काढलं तर भांडायला जी वाट आहे ती भांडी घासणाऱ्या बाईला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का, याचा विचार करायला समिती नेमा. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतनाखाली आणलं होतं.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याचं श्रेय इथल्या संघटनांना आहे. मंडळाकडे नोंदणी असेल तर प्रसूतीला मदत मिळते, पंचावन्न वर्षं पूर्ण झाल्यावर सन्मानधन म्हणून एकदा १०,००० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यापाशी उभी राहिलेल्या बाईचा सन्मान १०,००० रुपयांत होत नाही. तरीही तिच्यासाठी ते हातात येणारे पैसे आहेत. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, तेव्हा ज्यांची नोंदणी नव्हती त्या रांगेतच नव्हत्या.

आणि नोंदणी का नव्हती? अर्जाला ती जिथे काम करते त्या घराचा दाखला जोडावा लागतो. आपल्याच सोसायटीतल्या किती घरांनी तो सही करून दिलाय, विचारून बघा. मी विचारलं. उत्तरं अशी: 'उद्या कोर्टात गेली तर?', 'सही केली की आपण अडकलो', 'ह्यांना विचारून सांगते'. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर मात्र सगळ्यांच्या सह्या आहेत. ती आपल्याकडे कामाला आहे हे पोलिसांना कळवायला आपली हरकत नाही, कल्याण मंडळाला कळवायला आहे.

गेटवरच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, मंडळ आहे. त्याआधी १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. रोज वेगवेगळ्या मालकांचा माल उचलणाऱ्या हमालालाही भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी देता येतं, त्यासाठी मालकांनी मंडळाकडे मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे या सोयींसाठीची जादा रक्कम, भरायची, हे या राज्याने अर्धशतकापूर्वी करून दाखवलं. 'एका बाईचे पाच मालक, मग जबाबदारी कुणाची?' असा प्रश्न कुणी केला की मला माथाडी मंडळाची आठवण येते. उत्तर तयार आहे, ते फक्त बायकांच्या कामापर्यंत आणायचं कुणाला सुचत नाही. आपण सुरक्षा एजन्सीचं बिल १८ टक्के जीएसटीसकट भरतो, दर वर्षीची वाढ सभेत दोन मिनिटांत मंजूर होते. त्या एजन्सीच्या माणसाने जिची पिशवी तपासायची, तिला दोनशे रुपये वाढवायचे म्हटलं की घराघरांत बैठक बसते.

ही बैठक घरात कोण बसवतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत बोचणारा भाग वाटतो. नियमावली सुरू होते 'सर्व गृहिणींना कळविण्यात येते की' अशी. खाली सही सात जणांची, त्यातले सहा पुरुष. या सहांपैकी किती जणांना आपल्या घरी येणाऱ्या बाईंचा पगार माहीत आहे? ती कुठून येते, किती घरं करते, तिची सुट्टी कुठल्या वारी असते? पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या खात्यातून जातात, पण पगार ठरवणं, खाडे मोजणं, 'काल कढई नीट निघाली नव्हती' हे सांगणं, सगळं बाईने करायचं. मग सोसायटीत बोललं जातं की बायकाच बायकांच्या शत्रू. चांगलं आहे. भांडी दोघींची, भांडण दोघींचं, आणि ज्याचं ताट धुतलं जातंय तो पेपर वाचतोय.

सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचे आकडे आहेत. २०१९ मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पुरुषांची मिनिटंही कमीच झाली, याची नोंद घ्यावी. घरातल्या बाईने हे काम फुकट करायचं हे एकदा गृहीत धरलं की त्याच कामाचे पैसे मागणारी बाहेरची बाई महागच वाटणार. सासूबाई म्हणतात, 'एवढ्याशा भांड्यांना इतके पैसे? आम्ही नाही का घासली?' घासली, आणि त्याचा एक रुपया त्यांना कुणी दिला नाही. खरा राग तिथे असायला हवा. तो निघतो मात्र सकाळी सव्वासातला बेल वाजवणाऱ्या बाईवर. तिने खाडा केला की सुनेचा डबा, ऑफिसची बस, मुलाची शाळा सगळं कोलमडतं, आणि या घरात काम वाटून घेणारं दुसरं कुणी नाही हे त्या दिवशी उघडं पडतं. ते नवऱ्याला सुनावण्यापेक्षा बाईंचा खाडा कापणं सोपं.

'आम्ही तर घरच्यासारखं वागवतो' हे वाक्य सभेत येणारच, म्हणून त्याचंही आत्ताच बोलते. घरच्यासारखं म्हणजे पाहुणे आले की चार ताटं जास्तीची पडली तरी तिने बोलायचं नाही. दिवाळीच्या आधी माळे काढायचे, पंखे पुसायचे, त्याचा हिशोब करायचा नाही. जुन्या साड्या, मुलीला वह्या, अडीनडीला उचल हे सगळं मनापासून दिलं जातं, मी नाकारत नाही. पण उचलीचे वीस हजार अंगावर असलेली बाई काम सोडू शकत नाही, आणि काम सोडू न शकणारी बाई पगारवाढ कशी मागणार? दिलेली वस्तू ज्याच्या मर्जीवर असते, त्याच्या मर्जीवर ती बंदही होते. पगारी रजा मर्जीवर नसते, फरक तेवढाच.

त्यातून, घरच्यासारखीला मागची लिफ्ट का? समिती म्हणेल, गर्दीमुळे. मग पिझ्झा आणणाऱ्या मुलाला पुढची लिफ्ट चालते ती कशी? वेगळा कप, ओट्याखालचा वेगळा डबा, जमिनीवर बसायची वेगळी जागा आणि ही वेगळी लिफ्ट, यांचं मूळ एकच आहे आणि ते आपण सगळे ओळखतो. २०१७ साली याच पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाच्या बाईने जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. पुढे ती मागे घेतली गेली. तेव्हा शहरभर चर्चा झाली, सगळ्यांनी मान हलवली, आणि पोळ्यांना बाई शोधताना 'कुठल्या आहेत तुम्ही?' हा प्रश्न अजून विचारला जातोच. गावाचं नाव हवं असतं म्हणून तो विचारत नाहीत.

पिशवीच्या कलमावर फार लिहीत नाही. पुरुष वॉचमनने रस्त्यावरच्या लोकांदेखत बाईची पिशवी उलटी करायची, आणि आपण दिलेल्या फराळाच्या डब्यासोबत 'हे मीच दिले आहे' अशी चिठ्ठी जोडायची, हे ज्यांना शोभतं त्यांना शोभो. गेटच्या ॲपबद्दल मात्र बोलायला हवं. त्यात तिचा फोटो, नंबर, येण्याजाण्याची मिनिटामिनिटाची नोंद आणि सभासदांनी दिलेले तारे कुठल्याही सभासदाला दिसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणात एक तारा पडला की सातव्या मजल्याचं काम जातं. तिला हे तारे दिसत नाहीत, उत्तर देता येत नाही, आणि पगार तीन आठवडे लांबवणाऱ्या घराला तारे देण्याची सोय कुठल्याच ॲपमध्ये नाही.

जे नियम खरोखर कायद्यात आहेत ते फलकावर कुठेच नाहीत. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलंय. घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्या समितीचा पत्ता गेटवर लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि तरी बाळ सांभाळायला 'गावाकडची नात्यातली' छोटी मुलगी आपल्या बागेत दिसते. तिच्या गेटपासची चौकशी समितीने केल्याचं ऐकलं नाही.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. सोसायटीत निवृत्तिवेतनावर जगणारी काही घरं आहेत. नवरा अंथरुणावर, मुलं परदेशात, बाई आली नाही तर दोघंही उपाशी. त्यांना तीनशे रुपयांची वाढही जड जाते. त्यांचं दुखणं मी हसण्यावारी नेत नाही. पण वृद्धांची देखभाल हा सरकारने आणि त्यांच्या मुलांनी सोडवायचा प्रश्न आहे. तो पाच घरं फिरून महिन्याला पंधरा हजारही न जमणाऱ्या बाईच्या पगारातून सोडवू नये. अशा दोन-चार घरांसाठी संस्थेने वेगळा निधी काढला तर मी पहिली वर्गणी देईन. तेवढ्या घरांची ढाल करून दोन-दोन गाड्यांच्या घरांनी दर गोठवू नयेत.

समितीला नियमावली हवीच असेल तर ती दोन्ही बाजूंना लागू होणारी करा. सोसायटीतल्या प्रत्येक घराने काम, वेळ, पगार आणि सुट्ट्या एका कागदावर लिहून द्याव्यात, एक प्रत तिच्याकडे. महिन्याच्या दोन रजा हा जुना रिवाज झाला. आता आठवड्याची एक सुट्टी द्यायला हवी, आपल्या ऑफिसांना दोन आहेत. आपण गावाला गेलो म्हणून तिचा पगार कापायचा नाही, कारण काम तिने बंद केलेलं नसतं. मंडळाच्या नोंदणीचे दाखले सही करून देण्यासाठी एक रविवार ठेवा, ऑफिसात टेबल मांडून मी बसते. क्लबहाउसचं खालचं शौचालय दिवसा कुलपात असतं ते उघडा. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाच घरांत पाण्यात हात घालून असलेली बाई कुणाच्याच घरी शौचालयाला जात नाही, म्हणून ती पाणी कमी पिते, आणि त्याचं दुखणं घेऊन ससून रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते. दोन कामांच्या मधल्या अर्ध्या तासात तिला डबा खायला जागा हवी. बाक रिकामेच असतात.

दरांबद्दल बोलायचं असेल तर ते त्यांच्या प्रतिनिधींशी बोला. त्या दोघी-चौघी मिळून आल्या म्हणून गेटपास रद्द करण्याची धमकी कागदावर ठेवून ही बोलणी होणार नाहीत, तेव्हा ते कलम आधी काढावं लागेल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ही नियमावली स्वतंत्र विषय म्हणून घ्यावी आणि तोपर्यंत फलकावरून उतरवावी, अशी माझी लेखी मागणी आहे. आपली सभा नेहमी रविवारी सकाळी दहाला असते. त्या वेळी या बायका आपल्याच घरांत कामावर असतात. हा विषय दुपारी तीननंतर घ्यावा आणि त्यांना बोलायला बोलवावं. विषयपत्रिका छापायला जाण्याआधी उत्तर मिळावं. ते सहीनिशी असावं, ग्रुपवरचा अंगठा चालणार नाही.

कळावे,

आपल्या संस्थेची एक सभासद